तक्रार नसताना तपासणी

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस, ग्रॅच्युइटी किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी काहीतरी सांगू, अशी त्यांची अटकळ होती. आम्ही कळवले, 'घरातल्या लहान कुत्र्याची नियमित तपासणी.' त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली आणि मगच ते छापले. त्यांचा विस्मय रास्त आहे. ज्याने तीस वर्षे कारखान्याच्या फाटकावर सभा घेतल्या, त्याने वसंतातल्या एका संध्याकाळी जाणत्या नागरिकांपुढे कुत्र्याची गोष्ट का काढावी? त्याचे उत्तर पुढे येईलच. प्रथम एवढे सांगितले पाहिजे की, आम्ही पशुवैद्य नाही. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण फाटकावर आणि कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात झाले. १८६४ साली निघालेल्या त्या संस्थेचे आमच्यासारख्या कितीकांवर ऋण आहे. तेव्हा येथे जे सांगणार आहोत ते पंडिताचे प्रवचन नव्हे. चूक करून बसलेला माणूस शेजाऱ्याला जे सांगतो, त्या जातीचे हे बोलणे आहे. त्यातले वैद्यक तेवढे डॉक्टरांना विचारून आणि वाचून घेतलेले आहे.

आमच्या घरी चिंगी नावाची पॉमेरियन कुत्री होती. मुलीने हट्ट धरला म्हणून आणली आणि पुढे घरातल्या सर्वांची झाली. शहाड स्टेशनापासून दहा मिनिटांवर आमची दोन खोल्यांची जागा आहे. तीन किलो वजनाच्या प्राण्याला ती पुरे झाली. आठ वर्षांत चिंगी दवाखान्याची पायरी तीनदाच चढली. दोनदा लहानपणच्या लसींसाठी आणि एकदा पायात काच गेली म्हणून. आम्हाला याचा अभिमान वाटे. 'आमची चिंगी कधी आजारी पडत नाही,' असे आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असू. २०१७ सालच्या पावसाळ्यात एका सकाळी तिच्या नाकातून रक्त येऊ लागले. त्याआधी दोन दिवस ती थोडी कमी खात होती, इतकेच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हिरड्या पाहिल्या, पोटावरचे केस बाजूला करून कातडीवरचे जांभळे ठिपके आम्हाला दाखवले आणि रक्त घेतले. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट दोन लाखांच्या वर असावयाच्या, त्या वीस हजारांच्याही खाली उतरल्या होत्या. गोचिडातून होणारा ताप होता. पण तो कालपरवाचा नव्हे. कित्येक महिन्यांपूर्वी शरीरात शिरून तो हाडांतल्या मगजापर्यंत पोहोचला होता. बाईंनी विचारले, "काका, हिचं रक्त शेवटचं कधी तपासलं होतं?"

आम्ही म्हणालो, "तशी काही तक्रारच नव्हती."

अकराव्या दिवशी चिंगी गेली.

आता हे वाक्य आमच्या तोंडी यावे, यासारखी दुसरी शरमेची गोष्ट नाही. कारण हेच वाक्य आम्ही आयुष्यभर टेबलाच्या पलीकडून ऐकत आलो आहोत. एका कारखान्यात कामगारांच्या वैद्यकीय तपासणीची मागणी घेऊन आम्ही गेलो होतो. व्यवस्थापकांनी शांतपणे उत्तर दिले होते, 'पण कोणाची तक्रार कुठे आहे?' त्यावर आम्ही तेथे पाऊण तास बोललो. तक्रार येईपर्यंत थांबणे म्हणजे फुप्फुस जाईपर्यंत थांबणे होय, असे आम्ही त्यांना ऐकवले. टाळ्याही मिळवल्या. आणि घरी येऊन चिंगीच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा त्या हाताखाली काय चालले आहे हे पाहण्याची बुद्धी आम्हाला झाली नाही.

वस्तुतः तक्रारीची वाट न पाहता तपासणी करावी, हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. कारखान्यातल्या बॉयलरला १९२३ च्या कायद्याने ठरावीक मुदतीच्या तपासणीचे बंधन घातले. निरीक्षकाचा दाखला फार तर बारा महिने चाले. मग बॉयलर कितीही छान चालत असो, तो थंड करून उघडून दाखवावा लागे. माणसाच्या बाबतीत हीच दृष्टी यावयास उशीर लागला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात १९८७ साली घातक प्रक्रियांविषयीचे प्रकरण आले, आणि अशा ठिकाणच्या कामगाराची कामावर घेताना आणि नंतरही ठरावीक मुदतीने तपासणी करणे मालकावर बंधनकारक झाले. २०२० च्या संहितेत ठरावीक वयाच्या कामगारांसाठी वर्षाला मोफत आरोग्यतपासणीची तरतूद आहे. रेयॉनच्या धंद्यात वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायसल्फाइडचे उदाहरण घ्या. त्याची वाफ मज्जातंतूंना आणि हृदयाला हळूहळू अपाय करते, हे जगभर माहीत झालेले आहे. माणूस कामावर येतो, जेवतो, हसतो. तरी आत बिघाड चालू असू शकतो. तो त्याला कळेपर्यंत बराच पुढे गेलेला असतो. म्हणूनच त्याने सांगण्याआधी त्याला तपासावयाचे.

जो बोलू शकतो त्याच्या बाबतीत ही गत, तर जो बोलू शकतच नाही त्याचे काय? कुत्र्याची जातच अशी की, दुखणे होता होईतो दाखवावयाचे नाही. त्यातही लहान कुत्र्याची अडचण वेगळी आहे. मेंढपाळाचा कुत्रा कळपामागे धावताना मागे पडला की धन्याला त्याच दिवशी कळते. आपला पग किंवा पॉमेरियन कोणते काम करतो? तो गादीवर निजतो, जिना आला की आपण त्याला उचलून घेतो, आणि तो कमी हिंडू लागला तर आपण म्हणतो, 'आता शहाणा झाला.' ज्याला काम नाही त्याची ताकद घटल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय त्याचा काळ वेगाने धावतो. लहान जातीचा कुत्रा चौदा वर्षे जगतो असे धरले, तर त्याचे एक वर्ष माणसाच्या पाचसाडेपाच वर्षांएवढे होते. आठ वर्षांत चिंगीला आम्ही तीनदा दवाखान्यात नेले. माणसाच्या हिशेबाने चाळीस वर्षांहून अधिक काळात तीनदा!

आता तपासणी म्हणजे काय, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, सुई टोचून परत यावयाचे म्हणजे तपासणी झाली. सुई हा त्यातला एक भाग आहे. चांगला डॉक्टर आधी हाताने, डोळ्याने आणि कानाने कुत्रा तपासतो, आणि त्या दहापंधरा मिनिटांत पुष्कळ गोष्टी उघड होतात.

पहिली गोष्ट वजन. तीन किलोच्या कुत्र्याचे अर्धा किलो वजन वाढले किंवा घटले, तर ते साठ किलोच्या माणसाचे दहा किलो वाढण्याघटण्यासारखे आहे. अर्धा किलो डोळ्याला दिसत नाही, कारण वर केसांचा गुच्छ असतो. माणसाच्या वजनकाट्यावर हा फरक नीट कळत नाही. आमच्या शेजारच्या वाण्याचा काटा ग्रॅम दाखवतो. टोपलीत कापड घालून महिन्यातून एकदा तेथे वजन होते आणि वाणीही हसून करू देतो. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा परिणाम आम्हाला त्या काट्यानेच शिकवला.

दुसरी गोष्ट दात. कुत्रा लहान असो की मोठा, त्याला पुरते दात बेचाळीसच येतात. लांडग्याएवढ्या जबड्यात जे मावावयाचे ते दोन बोटांच्या जबड्यात बसवावयाचे, म्हणजे दाटी ही होणारच. सहासात महिन्यांनंतरही दुधाचे दात पडत नाहीत, नव्याजुन्यांच्या फटीत अन्न अडकते, कीटण चढते, आणि तिशीपस्तिशीच्या माणसाएवढे वय होण्याआधीच हिरड्या सुजू लागतात. तोंडाला वास येतो तो 'कुत्र्याचा वास' नव्हे, तो रोगाचा वास आहे. दात सडू लागले तरी कुत्रा खाणे सोडत नाही. तो एका बाजूने चावतो किंवा न चावता गिळतो. दात स्वच्छ करण्यासाठी भूल द्यावी लागते, आणि भूल देण्याआधी रक्त तपासावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

तिसरी गोष्ट हृदय. लहान जातींत उतारवयात हृदयाची डावी झडप जाड होते आणि नीट मिटेनाशी होते. रक्त उलटे सरकते, त्याचा फुसफुस आवाज डॉक्टरला छातीला नळी लावताच ऐकू येतो. खोकला आणि धाप लागण्याच्या कित्येक महिने, कधी कधी कित्येक वर्षे आधी तो ऐकू येतो. आधी कळून उपयोग काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने दिले. अकरा देशांतली ३६० कुत्री त्यात होती. सर्वांची हृदये वाढलेली. पण बाहेरून एकालाही त्रास नव्हता. निम्म्यांना पिमोबेंडान नावाचे औषध दिले, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या दिल्या. औषध घेणाऱ्यांत हृदय हात टेकण्याची वेळ सुमारे पंधरा महिन्यांनी पुढे गेली. माणसाच्या मापाने ही सहासात वर्षे झाली. मात्र अट एकच: खोकला नसताना कोणीतरी नळी लावलेली असली पाहिजे, आणि आवाज ऐकू आल्यावर हृदय खरोखर वाढले आहे की नाही, हे क्ष-किरणाने किंवा सोनोग्राफीने पाहिलेले असले पाहिजे.

याच हातासरशी डॉक्टर मागच्या पायाचे गुडघे चाचपतात. लहान कुत्र्यांची गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते. चालता चालता तो दोन पावले एक पाय उचलून टाकतो आणि पुन्हा नीट चालतो. आपल्याला ते लाडिक वाटते. गळ्यावर बोट ठेवून श्वासनळीही पाहतात, कारण या जातींत ती चपटी होते आणि हंसासारखा खोकला येतो. अशांना गळ्याचा पट्टा न लावता छातीवरून बांधण्याचा पट्टा लावावा. मादी असेल आणि तिचे ऑपरेशन झालेले नसेल, तर माजानंतरच्या काही आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचे भय असते, तेही विचारून घ्यावे.

इतके झाल्यावर रक्त, लघवी आणि शी यांची पाळी येते. चिंगीला जो आजार झाला त्याची हकीकत येथे सांगतो, कारण तपासणीचे सारे मर्म तिच्यात आहे. कुत्र्याच्या अंगावरचा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो आणि दर खेपेस खाली उतरून भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत दडतो. मादी एका वेळी हजारो अंडी घालते. त्यामुळे जो कुत्रा घराबाहेर फारसा जात नाही त्यालाही गोचीड सुटत नाही. तो जिन्यातून घरात येतो. त्याच्या लाळेतून एर्लिकिया नावाचा जंतू काही तासांतच रक्तात जातो. दोनतीन आठवड्यांनी ताप येतो, कुत्रा मलूल होतो आणि पुष्कळदा आपोआप सुधारतो. मालक म्हणतो, 'बरा झाला.' खरे पाहता येथून दुसरी अवस्था सुरू होते. जंतू शरीरात दडून राहतो आणि कुत्रा महिनोन् महिने, क्वचित काही वर्षे, खातो पितो, शेपूट हलवतो. या काळात रक्त पाहिले तर बहुधा प्लेटलेट कमी आढळतात, आणि चार आठवड्यांच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांनी पुष्कळ कुत्री बरी होतात. तिसऱ्या अवस्थेत मगज थकतो, रक्त तयार होणे थांबते, आणि मग औषधाला जागा उरत नाही. चिंगी पहिल्या अवस्थेतून केव्हा गेली ते आम्हाला आठवत नाही. एका उन्हाळ्यात ती चार दिवस गप्प होती, असे आमच्या सौ. म्हणतात.

दवाखान्यात रक्ताच्या काही थेंबांवर गोचिडाच्या रोगांची पट्टीवरची परीक्षा होते. तिच्याविषयी एक गोष्ट समजून घ्यावी. ती पट्टी बहुधा एवढेच सांगते की जंतूशी कधीतरी गाठ पडली होती. रोग आज चालू आहे की नाही, हे रक्तपेशींची मोजणी पाहून डॉक्टर ठरवतात. म्हणून नुसत्या पट्टीवर घाबरू नये आणि नुसत्या पट्टीवर निश्चिंतही होऊ नये.

मूत्रपिंडाची गोष्टही अशीच. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तोवर मूत्रपिंडाचे सुमारे तीनचतुर्थांश काम गेलेले असते. लघवी त्याआधी इशारा देते; ती पाण्यासारखी पातळ होऊ लागते. म्हणून सातव्या वर्षानंतर रक्ताबरोबर लघवीही तपासावी. ती मिळवावी कशी, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. सकाळी पहिल्या फेरीला एक स्वच्छ उथळ ताटली बेताने खाली सरकवावी. दोनतीन दिवसांत जमते. शीची तपासणी जंतांसाठी करावयाची. पिल्लांना गोल जंत आईच्या पोटातच आणि दुधातूनही मिळतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून जंताचे औषध सुरू करतात. हे जंत लहान मुलांनाही बाधतात. मातीत खेळणारे मूल आणि अंगणात शी करणारे पिल्लू ज्या घरात आहे, तेथे ही तपासणी कुत्र्यासाठी जितकी, तितकीच मुलासाठी आहे.

आणि पावसाळा! उल्हास नदीचे पाणी शहाडकल्याणात शिरते तेव्हा काय होते, ते २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला त्यांना सांगावयास नको. त्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. उंदराच्या लघवीतला हा जंतू साचलेल्या पाण्यात टिकून राहतो. माणूस डबक्यातून गुडघ्याने जातो. लहान कुत्रा पोटाने आणि तोंडाने जातो. या रोगाची लस वर्षाच्या वर्षी द्यावी लागते आणि ती पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी. बाकीच्या लसींपैकी काही पहिल्या वर्षीच्या मात्रा पुऱ्या झाल्यावर तीन वर्षांनी दिल्या तरी चालतात, असे आता मानले जाते. कोणती केव्हा, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

रेबीजची लस मात्र चर्चेचा विषय नव्हे. १८८५ साली पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला लस दिली, १९०० साली हिंदुस्थानातली पहिली पाश्चर संस्था कसौलीला निघाली, आणि तरी आजही रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही. 'आमचा तर घरातच असतो' हे कारण येथे लागू पडत नाही. दार उघडे राहावयास एक क्षण पुरतो. तीन महिन्यांचे पिल्लू झाले की लस द्यावी आणि पुढे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तारखेला, आपल्याकडे बहुधा दर वर्षी, ती पुन्हा द्यावी. कोणताही कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरचीपूड यांतले काही लावू नये.

आता आमच्या सभांत हमखास येणारा आक्षेप. 'भाऊ, येथे माणसाला दवाखाना मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्याच्या तपासण्या सांगता?' हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु मुंबईत जनावरांचे वैद्यक कसे आले, ते पाहावे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभे राहिले, १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, तेव्हा शहर बैलांवर आणि घोड्यांवर चालत होते. ट्रामसुद्धा १९०७ पर्यंत घोडे ओढीत. जनावर हे भांडवल होते, म्हणून त्याची निगा राखण्यात पैसा होता. आमच्या चळवळीने एकच गोष्ट सांगितली: जिवाची निगा त्याच्या कमाईवर ठरू नये. ज्याला सक्तीने कामाला लावले त्याची जबाबदारी जशी मालकावर, तशी ज्याला आपण होऊन घरी आणले, दाराला कडी लावून ठेवले, त्याची जबाबदारी आपल्यावर. कुत्रा पाळणे बंधनकारक नाही. पाळल्यावर तपासणी मात्र बंधनकारक मानली पाहिजे. आणि पैशाचेच म्हणाल तर चिंगीच्या अखेरच्या अकरा दिवसांत आम्ही जे खर्च केले, त्यात आठही वर्षांच्या तपासण्या झाल्या असत्या.

खर्च कमी करण्याचा मार्ग आमच्या धंद्यातला आहे. तो म्हणजे एकत्र येणे. रेबीजच्या लसीची दहा मात्रांची बाटली मिळते. ती एकदा उघडल्यावर फार वेळ ठेवता येत नाही. एकट्याने आणली तर महाग, दहा जणांनी वाटून घेतली तर स्वस्त. आमच्या वसाहतीत आम्ही आता वर्षातून दोनदा, एका रविवारी, डॉक्टरांना बोलावतो. त्यांची फी सर्वजण वाटून घेतात, कुत्री ओळीने येतात, वाणी आपला काटा देतो. जिल्हा परिषदेचे आणि सरकारचे पशुवैद्यकीय दवाखाने अल्प दरात काम करतात. तेथे गुरांबरोबर कुत्रीही पाहतात. परळचे महाविद्यालय आणि रुग्णालय आहेच, आणि २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय झाले आहे. तेथे अवघड केसेस न्याव्यात; वर्षाच्या तपासणीला एवढे लांब जाण्याची गरज नाही.

याच्या उलट बाजूनेही सावध राहावे. तपासण्यांची मोठमोठी जंत्री करून एकगठ्ठा विकण्याची रीत माणसांच्या दवाखान्यांतून आता जनावरांकडेही आली आहे. त्या वेळी डॉक्टरांना नम्रपणे एक प्रश्न विचारावा: 'हा निकाल वेगळा आला तर आपण काय वेगळे करणार?' चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. तरुण, धडधाकट कुत्र्याला वर्षातून एकदा हाताची पूर्ण तपासणी, लसी, शी आणि आपल्या भागात गोचीड फार म्हणून रक्तपेशींची मोजणी, एवढे पुष्कळ झाले. सातव्या वर्षानंतर हेच दर सहा महिन्यांनी करावे आणि त्यात मूत्रपिंड, यकृत, साखर व लघवी यांची भर घालावी. तपासणीने मरण टळत नाही. ते अकस्मात मात्र येत नाही, आणि पुष्कळदा पुढे ढकलता येते.

राहिले घरचे काम. ते रविवारी सकाळी दहा मिनिटांचे आहे. केस उलटे फिरवून कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली गोचीड पाहावेत. सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, बोटांनी चिरडू नये. गोचिडाचे औषध डॉक्टरांनी वजन करून दिलेलेच वापरावे. गुरांवर मारावयाचे औषध अंदाजाने पाण्यात मिसळून तीन किलोच्या जिवाला आंघोळ घालणे धोक्याचे आहे. आपल्या डोकेदुखीची गोळीही त्याला देऊ नये. ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात, गुलाबी असाव्यात. बोटाने दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. तो गाढ झोपलेला असताना मिनिटाचे श्वास मोजावेत. ते वारंवार तिसांच्या वर जाऊ लागले तर डॉक्टरांना कळवावे. पाणी नेहमीपेक्षा जास्त पितो का, तेही पाहावे. आणि हे सर्व एका वहीत तारीखवार लिहावे. आठवणीवर विसंबू नये. आठवण आपल्या बाजूने साक्ष देते, वही देत नाही.

चिंगी गेल्यावर दोन वर्षे आमच्या घरी कुत्रा नव्हता. मग मुलीने एक पिल्लू आणले, त्याचे नाव सोन्या. दाराजवळच्या खिळ्याला त्याची वही टांगलेली आहे. तीन वर्षांपूर्वी एका वार्षिक तपासणीत त्याच्या प्लेटलेट कमी निघाल्या. तो त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावरून उडी मारावयास बघत होता, इतका टवटवीत होता. चार आठवडे गोळ्या झाल्या, रक्त पुन्हा तपासले, आकडा पूर्वपदावर आला. वहीत त्या पानावर 'तक्रार' असा एक रकाना आहे. त्यात आमच्या मुलीच्या अक्षरात लिहिले आहे, 'काही नाही.' आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे मुके जीव आहेत, त्यांनी घरी गेल्यावर शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, ते आठवून पाहावे. तारीख आठवली नाही, तर या आठवड्यातच दवाखान्यात जावे, एवढीच आमची विनंती आहे.